सँपल फ्लॅट आवडला, म्हणून कर्वेनगरचं घर विकू का?

वाचकताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘आम्ही दोघं कर्वेनगरला राहतो. १९९६ सालची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ह्यांचं वय ६८, माझं ६३. मी सहकारी बँकेतून निवृत्त झाले, पेन्शन नाही. ह्यांना ईपीएस पेन्शनचे महिना साडेतीन हजार येतात. ठेवी सगळ्या मिळून ३२ लाख, आणि हे ६४० चौरस फुटांचं घर, ह्यांच्या नावावर. मुलगा-सून दोघंही हिंजवडीला आयटीत, वाकडला ३८ हजार भाडं भरतात. नातू साडेतीन वर्षांचा. मुलाने बालेवाडीला हाय स्ट्रीटजवळ एका नव्या लक्झरी टॉवरमध्ये थ्री बीएचके बघितलाय. १०५० चौरस फूट कारपेट, ‘ऑल इन्क्लुझिव’ १ कोटी ८५ लाख, ताबा साडेतीन वर्षांनी. तो म्हणतो, कर्वेनगरचे ९० लाख येतील ते घालू, बाकीचं कर्ज मी काढतो, सगळे एकत्र राहू. हे ऐकलं आणि हे जेवणावरून उठून गेले. साइटवर यायलाही तयार नाहीत. मी मात्र गेले, आणि खरं सांगते, मला फार आवडलं. खाली कॅफे, बेकरी, दुकानं, रात्री उशिरापर्यंत माणसं. आमच्या गल्लीत सातनंतर चिटपाखरू नसतं, चार घरांना कुलपं आहेत, मुलं परदेशात. ह्या वयात असलं काही आवडावं याची लाज वाटते. सेल्सची मुलगी म्हणते, हा भाव रविवारपर्यंतच, दोन लाखांचा चेक देऊन ठेवा. काय करू?’

ताई,

लाज कसली त्यात? भाजीची पिशवी घेऊन तिसरा मजला चढणाऱ्या बाईला लिफ्ट आवडायची नाही तर कोणाला आवडायची? आणि संध्याकाळी खाली उतरलं की चार माणसं दिसावीत, ही काही तरुणांचीच मक्तेदारी नाही.

पण पत्र परत वाचलं तेव्हा एक गंमत लक्षात आली. घर फार आवडलं म्हणता, पण स्वयंपाकघर केवढं, खिडक्या कुठल्या दिशेला, देवघराला जागा आहे का, यातलं अक्षरही नाही. आहे ते सगळं खालचं: कॅफे, बेकरी, दुकानं, माणसं. तुम्हाला आवडला तो रस्ता, ताई. रस्त्यासाठी कर्वेनगरचं घर विकावं लागत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. रविवारी चेक देऊ नका. घर विकू नका. बालेवाडीला राहायला मात्र जरूर जा, भाड्याने.

रविवारची भीती आधी काढून टाकू. ‘हा भाव रविवारपर्यंतच’ हे वाक्य पुण्यातल्या बहुतेक साइट ऑफिसांत ऐकायला मिळतं, आणि रविवार गेला की तोच भाव पाडव्याची नाहीतर दसऱ्याची ऑफर म्हणून परत येतो. त्या मुलीचा राग धरू नका, तिला महिन्याचं टार्गेट असतं. पण चेक कशाचा आहे हे नीट समजून घ्या. प्रकल्पाला महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मिळालेला नसेल, तर बिल्डरला जाहिरात करायचा किंवा बुकिंग घ्यायचा अधिकारच नाही. मग त्या चेकला ‘ईओआय’ (नुसती घ्यायची इच्छा कळवणं) म्हणा की आणखी काही. क्रमांक असेल तर जाहिरातीवर क्यूआर कोडही असायला हवा. तो मुलाच्या फोनवर उघडा आणि ताब्याची नोंदवलेली तारीख बघा. साइटवर तोंडी सांगितलेली तारीख आणि तिथे नोंदवलेली तारीख यांत बऱ्याचदा सहा-आठ महिन्यांचा फरक निघतो. कायद्याने बांधलेली तारीख मात्र विक्रीच्या करारात लिहिलेली. ती चुकली तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली पैसे व्याजासकट परत मागता येतात, किंवा घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येतं.

नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हेही मुलाला माहीत असू द्या. अलॉटमेंट लेटर मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं, तर महारेराच्या नमुन्यानुसार काहीही कापून घेता येत नाही. त्यानंतर टक्का-दोन टक्के कापतात. तुमच्या पत्राचं उत्तर मिळेपर्यंत मुलाने चेक देऊन टाकलाच असेल, तर घाबरून जाऊ नका. आधी अलॉटमेंट लेटरवरची तारीख बघा.

आता पैशांचं. १ कोटी ८५ लाखांना ‘ऑल इन्क्लुझिव’ म्हणतात, त्यात पंखेसुद्धा नसतात. पुण्यातल्या दरांनी उलटं गणित मांडलं तर कॉस्ट शीट साधारण असं निघेल: करार मूल्य १ कोटी ६२ लाख. त्यावर ५ टक्के जीएसटी, ८ लाख १० हजार. मुद्रांक शुल्क स्थानिक कर आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ११ लाख ३४ हजार. नोंदणीचे ३० हजार. दोन वर्षांचा मेन्टेनन्स आगाऊ, तोही १८ टक्के जीएसटीसह, सव्वादोन लाखांच्या आसपास. राहिलेल्या लाखभरात वकील, सोसायटी स्थापना, मीटर वगैरे. करार फक्त बाईच्या नावावर झाला तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते, इथे १ लाख ६२ हजार. सेल्सवाले हे मोठ्या प्रेमाने सांगतात. मात्र त्या करारात एकाही पुरुषाचं नाव घालता येत नाही. तुमच्या घरात ते का परवडणार नाही, ते पुढे येतंच.

कॉस्ट शीटवर न येणारा खर्च वेगळा. कर्वेनगरचं घर विकताना एजंटाची दलाली. नव्या घरात मॉड्युलर किचन, कपाटं, पडदे, दिवे, हात आखडता घेतला तरी १२-१५ लाख. आणि साडेतीन वर्षांचं भाडं! तुमचं घर विकलं की तुम्ही दोघं कुठे राहणार, हे पत्रात कुठेच नाही. वाकडच्या टू बीएचकेत पाच माणसं? दुसरं घर घेतलं तर ३५ हजारांच्या हिशेबाने ४२ महिन्यांचे १४ लाख ७० हजार होतात. मुलाचं वाकडचं भाडं चालूच, वर कर्जाचं व्याज. ९५ लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर पूर्ण हप्ता साडेएकोणऐंशी हजारांच्या घरात जातो. दोन पगारांत तो बसतो, हे खरं. आयटीतले दोन पगार २० वर्षं अखंड चालू राहतील असं धरून चाललं तर.

पुढचा मुद्दा तुमच्या मिस्टरांना नक्की वाचून दाखवा. जुनं घर त्यांच्या नावावर आहे, तेव्हा विक्रीवरचा भांडवली नफाही त्यांचाच धरला जाणार. ९६ साली घेतलेलं घर ९० लाखांना गेलं तर साडेबारा टक्क्यांनी दहा लाखांच्या आसपास कर बसतो. नक्की आकडा सीए काढून देईल. नवीन घर घेतलं तर हा कर वाचवता येतो, पण त्याला दोन अटी आहेत. घर विकणाऱ्यानेच नव्या घरात स्वतःच्या नावाने पैसे गुंतवलेले असले पाहिजेत. आणि तयार घर असेल तर विक्रीपासून दोन वर्षांच्या आत घेतलं पाहिजे, बांधकाम चालू असेल तर तीन वर्षांच्या आत पुरं झालं पाहिजे. तुमचा ताबा साडेतीन वर्षांनी. करार एकट्या मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर झाला तर पहिली अट तिथेच मोडली, आणि दुसरी तारखेनेच मोडली. अशा प्रकरणांत भांडून सूट मिळवलेले लोक आहेत, पण सत्तरीत प्राप्तिकर खात्याशी पत्रव्यवहार हा काही छंद नव्हे.

मग मिस्टरांचं नाव घाला, हे ओघाने आलंच. तर बँक म्हणते, जेवढे मालक तेवढ्यांनी कर्जाच्या कागदांवर सह्या करायच्या. म्हणजे ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाचं देणं ठेवलं नाही, तो ६८व्या वर्षी २० वर्षांच्या कर्जाला बांधला जाणार. ते जेवणावरून का उठले, याचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही. नाव न घालता पैसे नुसते मुलाच्या खात्यात वळते केले, तर कायद्याच्या भाषेत ती भेट झाली. मुलगा गुणीच असेल, सूनही. पण नोकरी जाते, बदली परदेशात होते, नवरा-बायकोचं फाटतं, आणि त्या वेळी ‘माझे ९० लाख’ म्हणायला तुमच्या हातात कागद नसतो. हे जमवायचंच ठरलं, तर बाप-लेक दोघांची नावं सहमालक म्हणून आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत, करारातच लिहून घ्या. त्यावर मुलगा रुसला तर रुसू दे.

आता त्या सँपल फ्लॅटकडे वळते. परत जाणार असाल तर पर्समध्ये मोजपट्टी ठेवा, टेलरची चालेल. मास्टर बेडरूममधल्या कपाटाचं दार उघडा आणि आत एक हँगर सरळ अडकवून बघा. हँगर तिरका करावा लागला तर कपाट २४ इंच खोल नाही, १८ इंचांचं आहे, खोली मोठी दिसावी म्हणून. पलंगाची लांबी मोजा. बऱ्याच ठिकाणी तो सहा फुटांपेक्षाही आखूड असतो. खोल्यांना दारं आहेत का बघा. सँपल फ्लॅटला निम्मी दारं नसतातच, कारण दार उघडायला जागा लागते. एखाद्या भिंतीच्या जागी काच दिसली तर विचारा, खऱ्या घरात इथे काय येणार? आणि १०५० मध्ये बाल्कनी किती? रेराच्या व्याख्येप्रमाणे कारपेटमध्ये बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. तरी बाल्कनी, ड्राय बाल्कनी (स्वयंपाकघरामागची धुण्याची जागा) सगळं एकत्र करून ‘युझेबल कारपेट’ असा एक गोड आकडा सांगायची पद्धत आहे. करारात रेरा कारपेट चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं, त्याला १०.७६ ने गुणा.

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवल्यावर माणूस उभा राहतो का, तेही बघून घ्या. अशा टॉवरांमध्ये दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी असते, बाहेरून ग्रिल लावायला बंदी असते, कबुतरांची जाळीसुद्धा सोसायटी सांगेल त्याच रंगाची. पाचवारी साडी वाळायला पसरायची कुठे, हा प्रश्न विचारल्यावर सेल्सची मुलगी हसेल. हसू दे, उत्तर घ्या.

भिंती मिवानच्या आहेत का, हेही विचारा. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात, त्याला सगळे मिवान म्हणतात. काम भराभर होतं, भिंती सरळ येतात, बांधकाम भक्कम असतं. फक्त ते घर आहे तसंच राहतं. पुढेमागे स्वयंपाकघराची भिंत पाडून ओटा वाढवू, दोन खोल्यांची एक करू, असलं काही करता येत नाही. देवघराजवळ दिव्यासाठी पॉइंट हवा असेल तर स्लॅब पडण्याआधी सांगावं लागतं. खिळा ठोकायचा तरी हॅमर ड्रिलवाला बोलवावा लागतो. कर्वेनगरला तुम्ही २८-३० वर्षांत किती वेळा फर्निचर हलवलंत, पॅसेजचं कपाट काढलंत, ते आठवा.

मेन्टेनन्सला पुण्यात लोक हसण्यावारी नेतात आणि दोन वर्षांनी मीटिंगमध्ये भांडतात. चौरस फुटाला साडेसात रुपये धरले तर तुमचे महिन्याचे ७,८७५ झाले. आत्ता कर्वेनगरला तुम्ही हजार-पंधराशे भरत असाल. पहिल्या दोन वर्षांचे बिल्डरने आगाऊ घेतलेले असतात, त्यामुळे झळ तिसऱ्या वर्षी लागते. पोहण्याचा तलाव, जिम, चार लिफ्टांचे वार्षिक करार, तीन पाळ्यांची सिक्युरिटी, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, जनरेटरचं डिझेल, हे सगळं त्यातून चालतं, आणि यंत्र जुनं होईल तसा खर्च वाढतो. शिवाय सदस्यामागे महिन्याचं शुल्क साडेसात हजारांवर आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की १८ टक्के जीएसटी लागतो. तुमचा आकडा ती रेघ नुकतीच ओलांडतो. मिस्टरांची पेन्शन महिन्याच्या निम्म्या मेन्टेनन्सलाही पुरणार नाही, हे कोणी तरी स्पष्ट बोललेलं बरं.

खाली दुकानं आहेत, म्हणून एक गोष्ट नक्की विचारा: इथे सहकारी सोसायटी होणार की अपार्टमेंट? पुण्यात दोन्ही प्रकार चालतात, आणि घेणाऱ्याला फरक कळतो तो बराच उशिरा. सोसायटीत एका सदस्याला एक मत, आणि सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली मत आणि खर्च दोन्ही ज्याच्या त्याच्या सामाईक मालमत्तेतल्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे. तळमजल्यावरचे मोठे गाळे एकाच मालकाकडे असले, तर मतदानात त्याचं पारडं केवढं जड होईल ते बघा. गाळेधारकांचा प्रवेश वेगळा आहे का, पाण्याची टाकी वेगळी आहे का, त्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लागणार? उपाहारगृह येणार असेल तर त्याच्या चिमणीचा पाइप इमारतीच्या कोणत्या बाजूने वर जातो? नकाशात तो डक्ट दाखवलेला असतो. तुम्ही बघितलेल्या फ्लॅटची बेडरूम त्याच बाजूला असेल, तर रोज रात्री तव्यावरच्या लसणाचा वास घरात.

पाण्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं भरली की आपण निर्धास्त होतो. पण धरणात पाणी असणं आणि बालेवाडीच्या वीस मजली टॉवरच्या टाकीत महापालिकेचं पाणी पडणं यांत बरंच अंतर आहे. २०१६ मध्ये याच बाणेर-बालेवाडीत पाणी पुरत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकाम परवानग्या रोखायला सांगितल्या होत्या. तेव्हापासून पाइपलाइनी आणि टाक्यांची बरीच कामं झाली, तरी उन्हाळ्यात टँकर बंद झालेले नाहीत. ब्रोशरमध्ये यावर एक शब्द नसतो. त्यासाठी शेजारच्या, चार-पाच वर्षं जुन्या सोसायटीच्या गेटवर जा आणि वॉचमनला सरळ विचारा, ‘मे महिन्यात दिवसाला टँकर किती येतात?’ तो खरं सांगतो. जमलंच तर तिथल्या कमिटीतल्या कोणाला तरी गाठून मागच्या एप्रिल-मेचं टँकरचं बिल विचारा. ते नवीन टॉवरच्या मेन्टेनन्सवर चढणार आहे. मुळेच्या काठची जमीन असेल तर निळ्या आणि लाल पूररेषेच्या संदर्भात इमारत कुठे येते, तेही मंजूर नकाशावर पाहा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं ते मुठेचं. नदी वेगळी असली तरी नकाशा बघायला उशीर नको.

आणि तुम्हाला आवडलेली ती वर्दळ. तुम्ही रविवारी सकाळी गेला असाल, किंवा संध्याकाळी सहा-सातला. साइट व्हिजिट त्याच वेळेला ठरवतात. आता शनिवारी रात्री साडेअकराला जा आणि बांधकामाच्या गेटपाशी पंधरा मिनिटं नुसत्या उभ्या राहा. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रूफटॉप हॉटेलवाल्यांनी ती पाळली तर उत्तमच, पण तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी पेपरात येतात त्या काही उगाच नाहीत. मग सोमवारी सकाळी पावणेनऊला परत जा आणि तिथून बालेवाडी फाट्यापर्यंत रिक्षाने या. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची मार्गिका त्याच रस्त्याने जाते, त्यामुळे मुलाची सोय चांगली आहे हे मान्य. पण दुपारी दोन वाजता घरात कोण असणार? तुम्ही दोघं. मिस्टरांचा डॉक्टर, तुमची भिशी, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातला रविवारचा प्रयोग, हे सगळं कोथरूडकडे. बालेवाडीहून रात्री नाटक बघून परतायला मन होईल का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. तुम्हाला महिन्याभरात मिळेल.

म्हणून भाडं. मुलगा वाकडला ३८ हजार भरतो. कर्वेनगरचं तुमचं घर भाड्याने दिलं तर २२-२५ हजार सहज यावेत, तिथे कॉलेजांमुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही. दोन्ही मिळून साठ हजार. तेवढ्यात बालेवाडीला त्याच रस्त्यापासून चालत अंतरावर, दहा-बारा वर्षं जुन्या पण लिफ्टच्या सोसायटीत थ्री बीएचके मिळतो. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार करा, ऑनलाइन नोंदवा. पाचही जणं एकत्र राहा. कोणाच्या खिशातून जादा पैसे जात नाहीत, कोणाचं घर विकलं जात नाही, गुडघ्यांना लिफ्ट मिळते आणि तुम्हाला बेकरी.

अकरा महिन्यांत आणखी एक गोष्ट कळेल, ती कुठल्याही कॉस्ट शीटमध्ये येत नाही. ‘सगळे एकत्र राहू’ म्हणजे रोजचं नेमकं काय? नातवाची शाळेची बस कोण घेणार? सून आठला येते म्हणजे संध्याकाळचा कुकर कोण लावणार? टीव्हीचा आवाज कोणाच्या मर्जीने? मुलाने वाईट हेतूने म्हटलंय असं मी मुळीच म्हणत नाही, बहुतेक त्याला खरंच तुम्ही जवळ हव्या आहात. पण त्याच्या हिशेबात तुम्ही दिवसभराचं पाळणाघरही आहात, हे त्यालाही नीट कळलेलं नसेल. जमलं तर फार छान. नाही जमलं तर कर्वेनगरची किल्ली तुमच्याकडे आहे आणि भाडेकरूचा करारही अकराच महिन्यांचा. ९० लाख ओतल्यावर हे कळलं, तर कोणालाच तोंड उघडता येत नाही.

वर्षभराने बालेवाडी सगळ्यांना मानवली, तर मग घर घ्यायचं बोला. तेव्हाही मी आधी भोगवटापत्र (ओसी) मिळालेलं तयार घर बघायला सांगेन. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर जीएसटी लागत नाही, जे घ्यायचं ते डोळ्यांसमोर असतं, आणि करसवलतीची दोन वर्षांची मुदतही पाळता येते. ‘ओसी आठवड्यात येतेय’ म्हणणाऱ्याला आठवड्याने भेटा. पोहण्याचा तलाव नसलेली इमारत निवडलीत तर माझ्याकडून शाबासकी. आणि ताबा घेतल्यावर पालिकेत पीटी-३ अर्ज भरायचा राहू देऊ नका, नाहीतर स्वतः राहत असूनही मिळकतकराची ४० टक्के सवलत जाते.

कर्वेनगरचं घर राखून ठेवायला आणखी एक कारण आहे. तुमची इमारत तिशीला आली. सोसायटीत पुनर्विकासाचं बोलणं अजून निघालं नसेल तर आता निघेल. २०१९च्या जुलैमधल्या सरकारी निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने तो निर्णय होऊ शकतो. जादा क्षेत्रफळ आणि लिफ्ट दोन्ही दाराशी यायची शक्यता असताना आधीच विकून मोकळं होणं मला पटत नाही. पुनर्विकास लांबला तर बाहेरून लिफ्ट बसवता येते का, हे तरी सर्वसाधारण सभेत विचारा. जागा असेल तर पालिकेच्या परवानगीने ते होऊ शकतं.

मुलाशी बोलताना ‘नाही’पासून सुरुवात करू नका. त्याला वाटेल बाबांनी तुम्हाला पढवलं. कागदावर दोन भाड्यांची बेरीज मांडून दाखवा आणि म्हणा, मला बालेवाडी आवडली आहे, आपण सगळे जाऊ, पण आधी अकरा महिने. मिस्टरांनाही हीच बेरीज दाखवा. घर विकायचं नाही म्हटल्यावर ते निदान जागा बघायला तरी येतील. वाकडचा करार कधी संपतो ते आजच विचारून घ्या, घरमालकाला साधारण महिन्याची नोटीस द्यावी लागते. आणि हलायचं असेल तर जूनच्या आधी हला, म्हणजे नातवाच्या शाळेच्या प्रवेशाचा मधल्यामध्ये घोळ होणार नाही.